'नांव' की 'नाव'? दृष्टिहीन वाचकांसाठी जुनं पुस्तक तपासताना पडलेला प्रश्न

निवांत_नाशिककर | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बँकेतून सुटल्यापासून (म्हणजे निवृत्त झालो, गैरसमज नको) तीन वर्षं मी एका संस्थेसाठी स्कॅन केलेली पुस्तकं तपासून देतोय. संस्था पान स्कॅन करते, ओसीआर त्यातून मजकूर काढतं आणि माझ्यासारखे घरबसे लोक एकीकडे पानाचं चित्र, दुसरीकडे मजकूर उघडून ओळीशी ओळ लावत बसतात. मग त्याची ईपब किंवा डेझी (फोनवर, संगणकावर वाचायची-ऐकायची फाईल) किंवा ब्रेल प्रत होते आणि नोंदणी असलेल्या दृष्टिहीन वाचकांना मिळते. आतापर्यंत बावीस पुस्तकं झाली. डोळे गेले म्हणून बायको ओरडते, पण ते आधीपासूनच गेलेले होते.

सध्या हातात १९३८ सालचं कोकण किनाऱ्याचं प्रवासवर्णन आहे. आगबोटीनं मुंबई ते वेंगुर्ले. लेखक जाऊन साठाहून जास्त वर्षं झालीत, त्यामुळे हक्कांची भानगड नाही. भानगड वेगळीच आहे. हे १९६२च्या आधीचं शुद्धलेखन. पानापानावर अनुस्वारांचा सडा. नमुना बघा:

"कांहीं उतारू पडावांत बसले होते. पडावाचें नांव कोणासच ठाऊक नव्हतें."

(पडाव म्हणजे उतारू नेणारी होडी.) हे मी माझ्या फोनला वाचायला दिलं. फोन 'कान्हीन् उतारू पडावान्त' असं काहीतरी बोलला आणि 'नांव'चं चक्क 'नाम्व' केलं. दोनशे साठ पानं असं कोण ऐकणार?

तर प्रश्न असा: हे सगळं आजच्या लेखनात आणावं, की आहे तसं ठेवावं? संस्थेचा नियम एका ओळीचा आहे, 'मूळ पुस्तकाप्रमाणे'. पण नियम करणाऱ्यानं हा आवाज ऐकलाय का, याची मला शंका आहे.

ता.क. पान १४३-१४४ वाळवीनं खाल्लंय. लेखक देवगडला उतरतो आणि एकदम मालवणात जेवताना दिसतो.

चहाबाज | शनिवार, रात्री ९.५२

देवगडला हापूस खाऊन झोपला असणार. मालवणात जाग आली, मासे खाल्ले. दोन पानं गेली म्हणून काही बिघडलं नाही.

शुद्धलेखन_काकू | शनिवार, रात्री १०.१५

हात लावू नका हो!

एकतीस वर्षं मराठी शिकवलंय, म्हणून तळमळीनं सांगते. तो सडा नाहीये, त्याला अर्थ आहे. 'नांव' म्हणजे आपलं ठेवलेलं नाव आणि 'नाव' म्हणजे होडी. तुमचं पुस्तक तर होड्यांचंच! 'नावेचें नांव' असं कुठेतरी आलंच असेल बघा. 'केले' आणि 'केलें' यांत लिंग-वचनाचा फरक आहे: लाडू केले, काम केलें. आज आपण दोन्हीकडे 'केले' लिहितो आणि संदर्भावरून ओळखतो. १९६२च्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. ते सोयीचं झालं, मला मान्य आहे. पण १९३८च्या माणसाला १९६२चा नियम कसा लावणार?

आणि कुणीतरी आता 'शोधा आणि बदला' सुचवेलच. सरसकट अनुस्वार उडवलेत तर संत तुकारामांचे 'सत तुकाराम' होतील.

फुलस्टॅक_फडके | शनिवार, रात्री १०.३१

काकू, कुणीतरी म्हणजे मीच. :)

सरसकट नाही उडवायचे. शब्दांची यादी करायची: कांहीं, नांव, पांच, कांच, आंत, तेथें, जेथें. दोनशे-अडीचशे शब्दांत ऐंशी टक्के काम होईल (आकडा अंदाजपंचे, भांडू नका). नावेचा प्रश्न संदर्भ बघून हातानं सोडवायचा. मूळ प्रतही ठेवायची, सोपीही ठेवायची. फाईलच तर आहे, तिला काय जागा लागते?

मात्र लेखन बदलणं वेगळं आणि अक्षरांचे कोड नीट करणं वेगळं. यांची गल्लत नको. उदाहरणार्थ 'दुःख'. बहुतेक लोक विसर्गाऐवजी कीबोर्डवरचा अपूर्णविराम टाकतात: दु:ख. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण स्क्रीनरीडरसाठी (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) ते विरामचिन्ह, त्यामुळे शब्दाचे दोन तुकडे. सगळीकडे 'दु' आणि 'ख'. 'ॲ'चं तसंच, 'अ'वर चंद्र ठेवून केलेला वेगळा आणि अखंड 'ॲ' वेगळा. शोधताना एक टाकला तर दुसरा सापडत नाही. हे सगळं बिनदिक्कत बदला, त्यात पुस्तकाचा कानामात्राही हलत नाही.

वऱ्हाडी_ठेचा | शनिवार, रात्री १०.४४

आन 'ऱ्ह' कुठं गेला राजेहो? ओसीआरच्या हिशेबानं आमचा अख्खा वऱ्हाड 'वन्हाड' हाये. मी एक पुस्तक तपासलं, त्यात 'वन्हाडी लोक', 'वन्हाडी बोली', 'निरनिराळ्या तन्हा'. शंभर जागी दुरुस्त केलं. कापसाच्या भावावर कोनी एवढं भांडलं नसन.

डोंबिवली_फास्ट | शनिवार, रात्री ११.०२

माझा अनुभव पाककृतींच्या पुस्तकाचा. 'रवा' हा शब्द ओसीआरला नेहमी 'खा' दिसतो. र आणि वा चिकटले की झालाच खा. तर कृती अशी:

"दोन वाट्या खा घ्यावा. खा मंद आचेवर गुलाबी होईपर्यंत भाजावा. खा गार झाल्यावर साखर मिसळावी."

उलटही होतं. 'पुरी खाताना' ची 'पुरी रवाताना'. मी सकाळच्या ७.१२मध्ये उभी राहून फोनवर हे तपासत होते आणि एकटीच हसत होते. शेजारच्या बाईंनी जागा दिली, बहुधा घाबरून.

चहाबाज | शनिवार, रात्री ११.०५

'खा गार झाल्यावर' हा आमच्या घरचा नियम आहे. चहा सोडून.

खिळेवाला | रविवार, सकाळी ६.२०

मी छापखान्यातला. आधी खिळे (छपाईची सुटी अक्षरं) जुळवले, मग वीस वर्षं प्रुफं वाचली. आता वय ७४.

आमच्याकडे तपासणीला दोघं बसत. एक जण मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचा, दुसरा प्रुफावर बोट ठेवून जायचा. वाचणारा नुसते शब्द वाचत नसे. स्वल्पविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, दुसरी वेलांटी, सगळं तोंडानं म्हणायचा. बाहेरून कुणी आलं तर त्याला वाटायचं इथं मंत्र चाललेत. असं का? तर डोळा लबाड असतो. 'महराष्ट्र' छापलेलं असलं तरी तो 'महाराष्ट्र'च वाचतो. शहाण्या माणसाचा डोळा तर जास्तच लबाड. म्हणून नवीन पोरांना आम्ही शेवटच्या ओळीपासून वर वाचायला लावत असू. अर्थ लागला नाही की अक्षर दिसायला लागतं.

मुद्राराक्षस कुणाला सुटलेला नाही. एका लग्नपत्रिकेत 'सायंकाळी वरात निघेल' ऐवजी 'परात निघेल' छापून गेलं. व च्या खान्यात कुणीतरी प चा खिळा टाकला होता. मुलीच्या बापानं पैसे दिले नाहीत, पण परात मात्र खरंच काढली, थट्टा म्हणून.

नाशिककरांच्या प्रश्नावर माझं म्हणणं: प्रुफ वाचणाऱ्यानं लेखकाच्या पानात पाय ठेवू नये. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि वर पाठवायचं. ठरवणारे आपण नव्हे.

निवांत_नाशिककर | रविवार, सकाळी ८.१०

खिळेवाले काका, शेवटून वाचायची युक्ती आज करून पाहिली. काल 'संपलं' म्हणून ठेवलेल्या पानात तीन चुका निघाल्या. एक 'घर'चं 'धर', एक 'मामा'चं 'भामा'. तिसरी सांगायची लाज वाटते.

समासात प्रश्नचिन्ह मी करतोच. पण वर पाठवलं की उत्तर यायला तीन महिने लागतात. तिथेही सगळे आपल्यासारखेच, वेळ काढून करणारे. तक्रार नाही. पण तोवर मी काय करू?

सहा_ठिपके | रविवार, सकाळी ११.३०

धागा वाचून करमणूक झाली. 'वाचून' म्हणजे ऐकून. मी जन्मापासून दृष्टिहीन. सरकारी नोकरीत आहे, संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर वापरते आणि तुमच्यासारख्यांनी तपासलेली पुस्तकं रोज घरी जाताना कानात घालते. म्हणजे ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांतली एक. कुणी विचारेना, म्हणून मीच आले.

आधी मला खरोखर काय टोचतं ते सांगते. अनुस्वार शेवटी घेते.

पहिला नंबर पानाच्या माथ्यावरच्या मजकुराचा, म्हणजे पानाचा आकडा आणि पुस्तकाचं नाव. तुम्हाला तो दिसतो आणि तुम्ही तो न वाचता पुढे जाता. मला तो वाक्याच्या मधोमध ऐकू येतो. 'तिने दाराची कडी काढली आणि सत्त्याऐंशी परतीची वाट समोर भाऊ उभा होता.' रहस्यकथेत असं दर दीड मिनिटाला होतं. दुसरा नंबर ओळीच्या शेवटी तोडलेल्या शब्दांचा: 'रत्ना' थांबा 'गिरी'. तिसरा, प्रकरणांच्या नावांना शीर्षकाची खूण न करण्याचा. तुम्ही ठळक अक्षर करून मोकळे होता. ठळक अक्षर मला ऐकू येत नाही. शीर्षकाची खूण असेल तर एच दाबून मी पुढच्या प्रकरणावर जाते, नाहीतर चारशे पानं खालच्या बाणानं चालत जा. चौथा नंबर चित्रांचा. एकदा एका उत्साही स्वयंसेवकानं एका फोटोखाली दीडशे शब्दांत सोनेरी किरणं लिहिली होती. मूळ ओळ होती: 'बंदर, उत्तरेकडून'. मला धक्का कुठे आहे, बोटी किती, माणसं काय करताहेत एवढं तीन वाक्यांत पुरे. किरणं नकोत.

आता अनुस्वार. फोनवरचा आवाज 'नाम्व' म्हणतो, खरंय. पण मी ऐकते त्या वेगाला तुम्ही बसलात तर तुम्हाला एकही शब्द कळणार नाही. मला दहा पानांत सवय होते, तुम्हाला जुन्या पुस्तकाची होते तशीच. नाहीच झाली, तर एनव्हीडीएत उच्चारांचा शब्दकोश आहे. त्यात एकदा लिहायचं, 'नांव' दिसलं की 'नाव' म्हण. मजकूर तसाच राहतो, फक्त उच्चार बदलतो. फडके, तुमची अडीचशे शब्दांची यादी मला द्या, ती तिथे शोभेल. पुस्तकात नको.

आणि ब्रेल विसरू नका. आवाजात 'दिन' आणि 'दीन' सारखेच ऐकू येतात. ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळत नाही, बोटाला कळतं. इ म्हणजे बिंदू २-४, ई म्हणजे ३-५, अनुस्वार ५-६. माझं शुद्धलेखन शाळेत ब्रेलमुळे पक्कं झालं. नुसतं ऐकून शिकलेल्या मुलांचं लेखन बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. काकूंना तर नक्की कळेल.

एकच विनंती. डोळस वाचक वाचनालयात १९३८चं पुस्तक उघडतो तेव्हा त्याला १९३८चं पुस्तक मिळतं. मला १९३८चं 'सोपं करून दिलेलं' का?

शुद्धलेखन_काकू | रविवार, दुपारी १२.०५

कळलं. अगदी कळलं. माझ्या वर्गात एक मुलगा होता, वर्गात ऐकून सगळं तोंडपाठ, पण लिहायला सांगितलं की 'अशिर्वाद'. आम्ही त्याचे गुण कापायचो. अक्षर कधी त्याच्या हाताखाली आलंच नव्हतं, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

फुलस्टॅक_फडके | रविवार, दुपारी १२.२०

शब्दकोशाची युक्ती माझ्या डोक्यात आली नाही, याचं फार वाईट वाटतंय. यादी आज रात्री देतो.

काचबिंदू_६१ | रविवार, दुपारी ३.४५

सहा_ठिपके ताईंचा आदर ठेवून, मी दुसऱ्या बाजूचा.

माझी दृष्टी एकसष्टाव्या वर्षी गेली. ब्रेल शिकायला बसलो, पण बोटांत मधुमेह आहे, ठिपके लागत नाहीत. एनव्हीडीए, एच दाबा, शब्दकोशात लिहा, हे सगळं मला जमत नाही. नातू फोनवर पुस्तक लावून देतो आणि शाळेत जातो. तो येईपर्यंत जे वाजेल ते मी ऐकतो. मध्ये 'नाम्व' आलं की माझं लक्ष उडतं, मागे कसं जायचं ते येत नाही, आणि पुस्तक आपलं पुढे चालतच राहतं.

मी वाचनालयाचा चाळीस वर्षं सभासद होतो. जुनी पुस्तकं अनुस्वारांसकट वाचली आहेत, त्यांचं प्रेम मलाही आहे. पण आज मला कथा हवी. दोन प्रती करता येत असतील तर करा. एकच करायची असेल तर माझ्यासारखे किती आहेत ते एकदा मोजा. म्हातारपणी दृष्टी जाणारे थोडे नसतात.

सहा_ठिपके | रविवार, दुपारी ४.३०

काका, मान्य आहे. मी माझ्यापुरतं बोलले, सगळ्यांच्या वतीनं नव्हे. तुमच्या नातवाला मला संदेश पाठवायला सांगा, मागे जायचं दोन बोटांत जमेल असं काहीतरी शोधून देते.

तरी मूळ प्रत हवीच. सोपी करायची तर तिच्या शेजारी करा, तिच्या जागी नको.

सॅनहोझे_सदाशिव | रविवार, संध्याकाळी ६.१५

इकडून माझे दोन पैसे. मी बरीच वर्षं डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्स या संकेतस्थळावर इंग्रजी पुस्तकं तपासली. २०००मध्ये सुरू झालेलं काम, हक्कमुक्त पुस्तकं फुकट देणाऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्गला पुस्तकं पुरवायला. तिथे एक पान तीन वेगवेगळ्या माणसांच्या नजरेखालून जातं, मग मांडणीच्या दोन फेऱ्या वेगळ्या. पहिल्या फेरीतला माणूस घाण काढतो, तिसऱ्यातला सुया शोधतो. जुनं स्पेलिंग बदलायचं नाही, शंका असेल तर तिथेच खूण करायची. म्हणजे खिळेवाल्या काकांचं प्रश्नचिन्हच.

मराठीत अशी रचना विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड-ग्रंथालयावर आहे. तपासलेलं नसेल तर पान लाल, एकानं तपासलं की पिवळं, दुसऱ्यानं पडताळलं की हिरवं. आपलंच पिवळं पान आपल्याला हिरवं करता येत नाही. पुस्तक हक्कमुक्त असेल तर तिथेही चढवा, नाशिककर. अंध, डोळस, कुणीही वाचेल, आणि तीन महिने वाट बघायला नको.

पुणेरी_पाटी | रविवार, संध्याकाळी ७.०२

एक बाळबोध प्रश्न. एवढ्या पुस्तकांच्या तयार फाईली पडल्यात तर आमच्या वाचनकट्ट्याच्या ग्रुपवर का टाकत नाही? मीही म्हातारा आहे, मलाही ऐकायला आवडेल.

कायदेबाज | रविवार, संध्याकाळी ७.४०

पाटी, याच प्रश्नामुळे प्रकाशक घाबरतात आणि मग त्रास दृष्टिहीन वाचकांना होतो.

नाशिककरांचं पुस्तक हक्कमुक्त आहे, ते हवं तिथे टाका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, त्यानंतर मोकळं. पण बाकीची बहुतेक पुस्तकं हक्कात आहेत. २०१२मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली म्हणून ती स्कॅन करता येतात. अपंग व्यक्तीला छापील प्रत वाचता येत नसेल, तर तिच्यासाठी वाचता येईल अशी प्रत प्रकाशकाची परवानगी न घेता करता येते, मात्र नफा न घेता आणि ती त्यांच्यापुरतीच राहील याची काळजी घेऊन. पुढे २०१३चा माराकेश करार आला. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत, २०१४मध्ये. करार २०१६च्या सप्टेंबरात लागू झाला आणि देशादेशांत अशा प्रती देता-घेता येऊ लागल्या. सुगम्य पुस्तकालय हे अशा प्रतींचं ऑनलाइन ग्रंथालय त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झालं. तिथे नोंदणीला अपंगत्वाचं प्रमाणपत्र मागतात ते उगाच नाही.

तुम्ही छापील पुस्तक वाचू शकता ना? मग विकत घ्या. की हात आखडतो?

पुणेरी_पाटी | रविवार, संध्याकाळी ७.४८

दुपारी १ ते ४ मी कायद्याचं वाचत नाही. (समजलं, समजलं.)

नवा_भिडू | रविवार, रात्री ८.३०

एवढी डोकेफोड कशाला? पानाचा फोटो एआयला द्या, दोन मिनिटांत शुद्ध मजकूर. मी करून पाहिलंय, ओसीआरपेक्षा शंभरपट बरं. स्वयंसेवकांचा जमाना गेला.

निवांत_नाशिककर | रविवार, रात्री ९.१०

भिडू, मीही करून पाहिलं. खरंच बरं आहे आणि तीच भीती आहे. ओसीआर चुकतं तेव्हा 'पडावांत'चं 'पडाबांत' करतं, म्हणजे चूक ओरडून सांगते. एआयनं माझ्या पानात 'पडाव'चं 'पाडाव' केलं. वाक्य झालं: 'वादळी हवेंत आमचा पाडाव झाला'. मूळ ओळ होती 'वादळी हवेंत आमचा पडाव निघाला'. त्यानं क्रियापदसुद्धा जुळवून घेतलं! लेखक बंदरावर चाललाय आणि यानं त्याला लढाईत हरवलं. पानाचं चित्र शेजारी नसतं तर मला पत्ता लागला नसता. ऐकणाऱ्याच्या शेजारी चित्र नसतं.

दर्यावर्दी | रविवार, रात्री ९.२५

पडाव म्हंजे काय ता नवीन पोरांका म्हायतीच नाय, म्हणून बिचाऱ्या यंत्राचो तरी काय दोष?

आगबोट बंदराच्या आत येऊ शकत नसे, ती खोल पाण्यात उभी राहायची. मग किनाऱ्यावरून पडाव जायचे आणि उतारू, ट्रंका, कोंबडे सगळं त्यात उतरवायचे. पावसाच्या तोंडाशी लाटेवर पडाव वर आला की त्याच क्षणाला उडी मारायची. माझी आजी सांगायची, अंगावरच्या मुलाला आधी फेकायचे, खाली खलाशी झेलायचा, मग आई. फेकलेलं मूल म्हणजे माझे वडील.

नाशिककर, पुस्तकात हर्णे-दाभोळ येतं का? आणि 'रामदास' बोट बुडाली त्याचं काही?

निवांत_नाशिककर | रविवार, रात्री ९.३३

हर्णे, दाभोळ, जयगड सगळं आहे. 'रामदास' कसं असेल? ती बुडाली १७ जुलै १९४७ला, रेवसला जाताना. पुस्तक नऊ वर्षं आधीचं.

चहाबाज | रविवार, रात्री ९.३५

अनुस्वारावरून बोटीवर आलो. अजून दोन प्रतिसादांत धाग्याचं काश्मीर होणार.

लेखनिक_ताई | रविवार, रात्री १०.२०

होऊ नये म्हणून मूळ विषयावर आणते. तुम्ही सगळे अक्षरांवर भांडताय, मी आकड्यांवर बोलते.

मी दृष्टिहीन उमेदवारांची लेखनिक म्हणून परीक्षांना बसते. ते सांगतात, मी लिहिते. एका मुलानं स्पर्धा परीक्षेच्या सरावात मराठेशाहीचा शेवट १८९८ सांगितला. मी थबकले. लेखनिकानं काही सुचवायचं नसतं, लिहिलं. बाहेर आल्यावर विचारलं, अरे १८१८ ना? तो म्हणाला, पुस्तकात १८९८ आहे, तीनदा ऐकलंय. घरी जाऊन फाईल पाहिली. जुन्या छपाईतला १ ओसीआरला ९ दिसला होता आणि तपासणाऱ्यानं वाक्य नीट वाचलं होतं, आकड्यावरून मात्र नजर घसरली होती.

'खा भाजून घ्यावा' ऐकलं की कुणालाही कळतं की घोटाळा आहे. १८९८ ऐकून काय कळणार? तो बरोबर दिसणारा आकडा आहे. त्या मुलानं विश्वासानं पाठ केला. तेव्हापासून मी कुठलंही पुस्तक तपासताना शेवटी एक फेरी फक्त आकड्यांची करते. १-९, ३-६ आणि जुन्या वळणाचा ५. शब्द वाचायचेच नाहीत.

डोंबिवली_फास्ट | रविवार, रात्री १०.४१

अंगावर काटा आला. पाककृतींच्या पुस्तकात मी आकडे पाहिलेच नाहीत. कुणी १ चमचा तिखटाचं ९ करून खाल्लं असेल तर माफी असावी.

वऱ्हाडी_ठेचा | रविवार, रात्री १०.४४

९ चमचे आमच्याकडं बरोबर हाये.

सहा_ठिपके | सोमवार, सकाळी ९.०५

लेखनिक ताई, हे मी माझ्या यादीत पहिल्या नंबरावर घालायला हवं होतं. घातलं नाही, कारण ज्या चुका मला कळल्या नाहीत त्या मी सांगणार कशा?

खिळेवाला | सोमवार, सकाळी ९.३०

मी हे नातीकडून वाचून घेतलं. माझे दोन्ही डोळे पिकलेत, पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया आहे. तोवर एक करता येईल. तुम्ही पानाचं चित्र बघून मोठ्यानं वाचा, मी तुमच्या फाईलचा आवाज ऐकत जातो. फरक आला की टोकतो. म्हणजे आमची जुनी जोडी. ऱ्हस्व-दीर्घ मात्र तोंडानं म्हणावं लागेल. फोन करा, दुपारी दोन ते चार रिकामा असतो.

निवांत_नाशिककर | मंगळवार, रात्री ८.१५

काका, फोन केला हे इथे सांगायचं राहिलं. काल दोन तासांत अकरा पानं झाली, पाच चुका काकांनी पकडल्या. बायको म्हणते, आता घरात खरोखरच मंत्र चालू झाले.

मूळ प्रश्नाचं असं ठरवलंय: लेखन १९३८चंच राहील. विसर्ग, ॲ, ऱ्ह यांचे कोड फडक्यांच्या सांगण्याप्रमाणे नीट करतो. पानाच्या माथ्याची नावं काढली, प्रकरणांना शीर्षकाच्या खुणा केल्या. सुरुवातीला चार ओळींची टीप देतोय की लेखन जुनं आहे. काचबिंदू_६१ काकांसाठी सोपी प्रत वेगळी करणार आहे, तिच्या नावातच 'आजच्या लेखनात' असं येईल. तिचं काम काकूंनी अंगावर घेतलंय. होय, काकूंनीच! संस्था दोन प्रती घेईल की नाही ते अजून कळलेलं नाही.

आणि एक आनंदाची बातमी. दर्यावर्दींनी त्यांच्या तालुक्याच्या वाचनालयात याच पुस्तकाची दुसरी प्रत शोधली आणि पान १४३-१४४चे फोटो पाठवले. देवगडला लेखक झोपला नव्हता, चहाबाज. पडावात चढताना पाण्यात पडला होता, तोच सगळा प्रसंग आहे. आपण स्वतः पोहत पडाव गाठला, असं त्यानं लिहिलंय.

पण त्या ओळीशेजारी समासात कुणीतरी जुन्या पेन्सिलीनं लिहिलंय: 'साफ खोटें. मी तेथें होतों.' आता हे मजकुरात घेऊ का?

शुद्धलेखन_काकू | मंगळवार, रात्री ८.२२

मुळीच नको. ते पुस्तकाचा भाग नाही.

सहा_ठिपके | मंगळवार, रात्री ८.२४

घ्या! वेगळी टीप म्हणून घ्या, 'समासात पेन्सिलीनं' असं सांगून. वाचनालयात जाणाऱ्याला ते फुकट वाचायला मिळतंय.

दर्यावर्दी | मंगळवार, रात्री ८.४०

मी उद्या परत जातंय. आणखी कोणत्या पानावर त्या माणसान काय काय लिवलाहा, ता बघूचा आसा.